साडेतेरा मिनिटं

गेल्या महिन्यात माळा आवरताना २००४ सालची एक डायरी हाती लागली. दिवाळीला कंपन्या वाटतात तसली, रेक्झिनच्या कव्हरची. आत विशेष काही नव्हतं. फोन नंबर, बॅकअपच्या तारखा, पासवर्ड (हो, तेव्हा लिहून ठेवायचो!). आणि एका पानावर पेन्सिलीने तीन ओळी : '१४ मि. ०० से.', त्याखाली '१४ मि. ०८ से.', मग एक रेघ आणि तिच्याखाली '१३ मि. २८ से.'

पान बघितलं आणि तिथेच शिडीवर बसून राहिलो. या साडेतेरा मिनिटांबद्दल मी आजवर कुठे लिहिलेलं नाही. आज लिहितो.

तेव्हा मी पुण्याजवळच्या एका एमआयडीसीतल्या कारखान्यात सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर होतो. म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढण्यापासून सर्व्हर बसवण्यापर्यंत सगळं. ऑफिसात तीस-पस्तीस कॉम्प्युटर, स्टोअरला एक सर्व्हर, आणि गेटवरच्या पत्र्याच्या केबिनमध्ये एक जुनं विंडोज ९८ चं मशीन. कामगारांनी येता-जाता कार्ड मारायचं, त्याची नोंद त्या मशीनवर व्हायची आणि महिनाअखेरीला त्यावरून पगार निघायचा.

एका रात्री स्टोअरमधून टेंपोने माल गेला आणि पोचला तेव्हा बेअरिंगची दोन खोकी कमी भरली. चौकशी सुरू झाली. स्टोअरच्या सर्व्हरवर गेटपास छापल्याची वेळ होती २२:४९. पास छापणाऱ्या पोराचं लॉगिन होतं. आणि गेटच्या मशीनवर त्याच पोराने बाहेर जाताना कार्ड मारल्याची वेळ होती २२:४१. म्हणजे माणूस बाहेर पडल्यावर आठ मिनिटांनी त्याच्या नावाने पास निघाला! एक तर त्याने पासवर्ड कुणाला तरी दिला होता, नाहीतर कार्ड मारून आतच थांबला होता. काही झालं तरी खोटं बोलत होता.

तो कंत्राटी होता. विशीतला, नुकतंच लग्न झालेला. एकच गोष्ट परत परत सांगत होता, "पास दिला, टेंपो गेला, मग मी कार्ड मारलं. कुठलं घड्याळ काय दाखवतं ते मला काय माहीत, सर?"

पर्सोनेलच्या साहेबांनी मला बोलावून विचारलं, "कॉम्प्युटरची वेळ चुकते का रे कधी?"

मी म्हणालो, "नाही साहेब. चुकली असती तर एरर आली असती."

आज हे लिहिताना कान गरम होतात. घड्याळ चुकलं की कॉम्प्युटर एरर वगैरे काही देत नाही. तो अगदी ठामपणे, सेकंदासकट, चुकीची वेळ सांगतो. सेकंदासकट सांगतो म्हणून आपल्याला खरी वाटते.

पोराला मेमो मिळाला.

आठ दिवसांनी केबल बदलायला गेटवर गेलो होतो. मशीनच्या कोपऱ्यातली वेळ बघितली, सहज मनगटावरची बघितली आणि चरकलो. गेटचे मामा शांतपणे म्हणाले, "ते मागंच असतंय की. पैल्यापासनं. आमी आपलं समजून घेतो."

सगळ्यांना माहीत होतं. मला सोडून.

त्यानंतर मी ते केलं जे आठ दिवस आधी करायला हवं होतं. सर्व्हरचं आणि गेटचं घड्याळ शेजारी ठेवून फरक मोजला : बरोबर १४ मिनिटं. दोन दिवसांनी परत मोजला : १४ मिनिटं ८ सेकंद. म्हणजे मशीन दिवसाला ४ सेकंद मागे पडत होतं. पहिल्या मोजणीच्या आठ दिवस आधीची ती रात्र, म्हणून ३२ सेकंद वजा करायचे. त्या रात्री गेट १३ मिनिटं २८ सेकंद मागे होतं. पोराने कार्ड मारलं ते गेटच्या घड्याळात २२:४१, पण सर्व्हरच्या घड्याळात साधारण २२:५४. पास छापल्यावर पाच मिनिटांनी. जसं तो सांगत होता अगदी तसं.

कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर घड्याळासाठी क्वार्ट्झचा एक बारीक स्फटिक असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो (दोनाचा पंधरावा घात, म्हणून हा आकडा). त्याची चाल २५ अंशांच्या आसपास बरोबर असते. त्याहून फार गरम झालं तरी तो मागे पडतो आणि फार गार झालं तरी मागेच पडतो. पत्र्याच्या केबिनमध्ये दुसरं काय होणार? दिवसाला ४ सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण सात महिने कुणी बघितलंच नाही तर त्याची १४ मिनिटं होतात.

मग ऑफिसातली मशीनं का नाही मागे पडली? ती सगळी विंडोजच्या डोमेनमध्ये होती. तिथे लॉगिनसाठी केर्बेरॉस नावाची पद्धत असते आणि तिचा एक नियम आहे : तुमच्या आणि सर्व्हरच्या घड्याळात पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक असेल तर आत घेणार नाही. जुनी चिठ्ठी चोरून कुणी परत वापरू नये म्हणून ही खबरदारी. त्यामुळे डोमेनमधली मशीनं आपोआप सर्व्हरकडून वेळ घेत राहतात. गेटचं मशीन डोमेनच्या बाहेर होतं. म्हणजे साहेबांच्या लॉगिनसाठी घड्याळ जुळवायची सोय होती, आणि ज्या घड्याळावर कामगाराचा पगार ठरायचा त्याच्याकडे बघायला कुणी नव्हतं.

हे सगळं झाल्यावर मला घड्याळांच्या इतिहासाचं जरा वेडच लागलं. आणि वाचता वाचता एक जुनी गोष्ट आठवली. माझे आजोबा गिरणीत होते. लहानपणी आम्ही त्यांना "आजोबा, किती वाजले?" विचारलं की ते कधीकधी गंमतीने म्हणायचे, "कुठला टायम सांगू? ष्टांडर्ड की मुंबई?" आम्हाला वाटायचं म्हातारा काहीतरी थट्टा करतोय. पण ती थट्टा नव्हती. त्यांच्या उमेदीच्या काळात मुंबईत खरंच दोन वेळा होत्या.

सूर्य काही सगळीकडे एकदम डोक्यावर येत नाही. मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, मद्रासची ५ तास २१ मिनिटं, कलकत्त्याची जवळजवळ ५ तास ५४ मिनिटं. बैलगाडीने जाणाऱ्याला याचा काही त्रास नव्हता. त्रास सुरू झाला तो रेल्वे आणि तारायंत्र आल्यावर, म्हणजे गावं एकमेकांना 'जोडली' गेल्यावर. कॉम्प्युटरचंही तेच आहे. एकटा असतो तोवर त्याचं घड्याळ कितीही चुको, कुणाचं बिघडत नाही. नेटवर्कला जोडला की भांडण सुरू.

रेल्वेने मद्रासची वेळ धरली, कारण मद्रास रेखांशाने मुंबई आणि कलकत्त्याच्या मध्ये पडतं आणि तिथे वेधशाळा होती. म्हणजे मुंबईकर घरातून निघायचा एका वेळेत आणि स्टेशनात शिरायचा अर्धा तास पुढच्या वेळेत. लोकांनी ते अंगवळणी पाडून घेतलं होतं. १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन (ज्यांच्या नावाचं पुण्यात कॉलेज आहे तेच) यांनी मुंबईतल्या सरकारी कचेऱ्यांना मद्रासची वेळ लावायचं ठरवलं. शहरात त्याला इतका विरोध झाला की दोनेक वर्षांत ते बारगळलं.

मग आला १ जानेवारी १९०६. साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची भारतीय प्रमाणवेळ. आज आपण जी वापरतो तीच. मुंबईच्या घड्याळांना एका रात्रीत ३९ मिनिटं पुढे उडी मारायची होती. बंगालच्या फाळणीला जेमतेम अडीच महिने झाले होते आणि सरकार न विचारता काही करतंय म्हटलं की लोक आधीच भडकलेले होते. महापालिकेने १९०६ मध्येच आपली घड्याळं परत मुंबईच्या वेळेवर आणली आणि १९५५ पर्यंत तशीच ठेवली. एकोणपन्नास वर्षं! कलकत्त्यानेही आपली वेळ १९४८ पर्यंत सोडली नाही.

शाळेच्या पुस्तकात हे असलंच तर 'गंमत' म्हणून येतं. मुंबईकरांचा हट्टीपणा, फार तर देशाभिमान. पण जानेवारी १९०६ मध्ये सगळ्यात आधी रस्त्यावर उतरलेल्यांत गिरणी कामगार होते. काही हजार कामगारांनी काम थांबवलं, गिरणीवर दगड मारले. पुढे शहरात पंधरा हजारांहून जास्त सह्यांचे अर्ज झाले. सहीवाल्यांचा मुद्दा तत्त्वाचा असेल. कामगारांचा मुद्दा साधा होता. भोंगा सहाला वाजणार म्हटलं तर तो आता सूर्याच्या हिशेबाने ३९ मिनिटं आधी वाजणार. संध्याकाळी तितकंच लवकर सोडतील याची खात्री कुणी द्यायची? गिरण्यांत विजेचे दिवे येऊन कामाचे तास वाढल्याचा राग होताच. आणि मोठ्या पुरुष कामगारांच्या तासांना तेव्हा कायद्याची मर्यादाच नव्हती. कापड गिरण्यांत बारा तासांची मर्यादा आली ती १९११ च्या कायद्याने. अशा वेळी मालकाच्या हातातलं घड्याळ म्हणजे नुसतं यंत्र नसतं. खिशात घड्याळ नसलेल्या माणसाला त्यातला काटा कुणी हलवला हे तपासायची काही सोय नव्हती.

मला गेटवरचं मशीन आठवलं. शंभर वर्षांनी तेच.

आता कॉम्प्युटरकडे येतो. जोडलेल्या कॉम्प्युटरांच्या वेळेचा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर डोक्यावर घेतला ते डेव्हिड मिल्स हे अमेरिकन प्राध्यापक १७ जानेवारी २०२४ ला वारले. पेपरात फारसं काही आलं नाही. पण तुमच्या मोबाईलपासून बँकेच्या सर्व्हरपर्यंत जी घड्याळं आज एकमेकांशी जुळतात त्यातल्या बहुतेकांवर त्यांच्या कामाचं ऋण आहे. १९८५ मध्ये त्यांनी 'नेटवर्क टाइम प्रोटोकॉल', म्हणजे एनटीपी, जगापुढे ठेवला आणि पुढची कितीतरी वर्षं डेलावेअर विद्यापीठात बसून तो घासूनपुसून नीट करत राहिले. त्यांना काचबिंदू होता, दृष्टी आधीच अधू होती आणि उतारवयात जवळजवळ गेली. तरी काम थांबलं नाही.

नेटवर्कवरून वेळ विचारण्यात अडचण काय? उत्तर यायला वेळ लागतो ही. समजा तुम्ही धाकट्याला शेजारच्या आळीतल्या काकांकडे वेळ विचारायला पाठवलं. तुमच्या घड्याळात तो १०:०० ला निघाला. काकांच्या घड्याळात १०:०९ ला पोचला, १०:१० ला तिथून निघाला. तुमच्या घड्याळात १०:०५ ला घरी आला. तुमच्या हिशेबाने एकूण पाच मिनिटं गेली, त्यातलं एक काकांकडे गेलं, म्हणजे चार मिनिटं रस्त्यात. जायला दोन, यायला दोन. तो काकांकडे पोचला तेव्हा तुमच्या घड्याळात १०:०२ झाले असणार आणि काकांच्या घड्याळात १०:०९. म्हणजे तुमचं घड्याळ सात मिनिटं मागे. चार नोंदी, एक बेरीज, एक भागाकार. एनटीपीचा गाभा एवढाच. मेख एकाच ठिकाणी आहे : जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो असं आपण धरलं. येताना पोरगं बर्फाच्या गोळ्याच्या गाडीपाशी थांबलं की हिशेब चुकला. नेटवर्कवर असे गोळेवाले पावलोपावली असतात, म्हणून एनटीपी एकदाच विचारून थांबत नाही. परत परत विचारतो आणि ज्या खेपेला सगळ्यात कमी वेळ लागला तिच्यावर जास्त भरवसा ठेवतो.

दुसरा प्रश्न जास्त अवघड. काकांचंच घड्याळ चुकलेलं असेल तर? मिल्स यांनी घड्याळांचे दोन वर्ग केले. 'ट्रूचायमर', म्हणजे खरे टोले देणारी, आणि 'फॉल्सटिकर', म्हणजे खोटी टिकटिक करणारी. आणि खोटं घड्याळ ओळखायला त्यांनी कुणाच्या पदाचा आधार घेतला नाही. प्रत्येक घड्याळाला विचारायचं, "वेळ सांग, आणि तुझी चूक जास्तीत जास्त किती असेल तेही सांग." मग बहुसंख्यांच्या उत्तरांचे पट्टे जिथे एकमेकांवर पडतात तिथे खरी वेळ असणार असं मानायचं. या युक्तीचं मूळ कीथ मार्झुलो यांच्या १९८४ च्या प्रबंधात आहे. यासाठी दोन साक्षीदार पुरत नाहीत, कारण दोघांचं जमलं नाही तर खोटा कोण ते कळत नाही. निदान तीन हवेत, आणि चार असले तर एखादा गैरहजर राहिला तरी भागतं.

ही नुसती पुस्तकी काळजी नव्हे. १९ नोव्हेंबर २०१२ ला अमेरिकन नौदलाच्या वेधशाळेचे 'टिक' आणि 'टॉक' नावाचे दोन सर्व्हर, ज्यांच्यावर जगभर लोकांचा विश्वास, काही काळ सरळ २००० साल सांगत होते. दोघंही! ज्यांनी फक्त त्या दोघांनाच विचारलं त्यांच्यातल्या कित्येकांची डोमेनं बारा वर्षं मागे गेली आणि लॉगिन बंद पडली. ज्यांनी आणखी दोन-चार ठिकाणी विचारलं होतं त्यांना पत्ताही लागला नाही.

तिसरा प्रश्न : चूक कळली, आता दुरुस्त कशी करायची? आपण काटा धरतो आणि फिरवतो. कॉम्प्युटरला ते चालत नाही, विशेषतः मागे फिरवलेलं. एकच मिनिट दोनदा येतं, रात्रीचं काम दोनदा चालतं, नंतर झालेली गोष्ट नोंदीत आधी दिसते. म्हणून फरक थोडा, म्हणजे १२८ मिलिसेकंदांच्या आत असेल, तर एनटीपी काटा फिरवत नाही, चाल बदलतो. सेकंदामागे जास्तीत जास्त अर्धा मिलिसेकंद घड्याळ जरा जलद किंवा जरा सावकाश चालवतो. कुणाच्या लक्षात येत नाही, कुणाचं काही हुकत नाही. फरक त्याहून जास्त असेल आणि टिकून राहिला तर नाइलाजाने उडी मारतो. आणि फरक १००० सेकंदांपेक्षा जास्त निघाला तर? तर तो काहीच करत नाही. नोंद करतो आणि बंद होतो. 'इतका मोठा फरक माझ्या अधिकारात बसत नाही, माणसाला बोलवा.'

मी गंमत म्हणून हिशेब केला. मुंबईची ३९ मिनिटं म्हणजे २३४० सेकंद. एनटीपीने हात टेकले असते आणि माणसाला बोलवलं असतं. सरकारने नेमकं तेच केलं नाही. आणि अर्ध्या मिलिसेकंदाच्या चालीने ती ३९ मिनिटं मुरवायची म्हटली तर ५४ दिवस लागले असते. एका रात्रीत उडी मारायला लावली तर लागली ४९ वर्षं.

हा धडा कॉम्प्युटरवाल्यांनाही ठेच लागूनच मिळाला. पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवून घ्यायला १९७२ पासून अधूनमधून जगाच्या घड्याळात एक जादा सेकंद घालत, असे २७ सेकंद घातले गेले. तो ग्रिनिचच्या मध्यरात्री येतो, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या ठोक्याला. १ जुलै २०१२ च्या पहाटे ५ वाजून २९ मिनिटं ६० सेकंद अशी वेळ आली आणि लिनक्समधल्या एका दोषामुळे जगभरातले सर्व्हर गरागरा फिरत जागच्या जागी अडकले. एका सेकंदाची सक्ती! गूगलने तोपर्यंत तो सेकंद एकदम न घालता कित्येक तासांवर पातळ पसरून घालायला सुरुवात केली होती. त्यांना त्रास झाला नाही. शेवटचा असा सेकंद ३१ डिसेंबर २०१६ ला आला, आणि २०२२ मध्ये वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २०३५ पर्यंत ही पद्धत थांबवायचं ठरवलं.

आपल्याकडेही एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी संस्थेने सगळ्या संस्थांना आपापली घड्याळं एनआयसी किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायला सांगितलं. देशाची प्रमाणवेळ हीच प्रयोगशाळा सांभाळते. सायबर गुन्ह्याच्या तपासात दहा मशीनच्या नोंदी एका ओळीत लावायच्या तर घड्याळं जुळायलाच हवीत. चांगलंच आहे. पण हुकूम निघाला म्हणून घड्याळं जुळत नाहीत हे माझ्यासारख्याला पक्कं ठाऊक आहे. फायरवॉलमध्ये १२३ नंबरचं पोर्ट कुणीतरी बंद करून ठेवलेलं असतं, आणि मशीन बिचारं वर्षभर विचारत राहतं, उत्तर येत नाही. कोपऱ्यातली वेळ मात्र ठामपणे चालूच.

एक नाव राहिलं. लेस्ली लॅमपोर्ट. त्यांनी १९७८ मध्ये एक निबंध लिहिला, आणि त्यातलं म्हणणं माझ्या भाषेत सांगायचं तर असं : किती वाजले हे बऱ्याचदा महत्त्वाचं नसतं, आधी काय आणि नंतर काय हे महत्त्वाचं असतं. आणि ते घड्याळाशिवायही कळू शकतं. निरोप निघाल्याशिवाय पोचत नाही. एवढ्या एका गोष्टीवर त्यांनी सगळी मांडणी उभी केली.

हे मी वाचलं तेव्हा उशीर झाला होता. कारण आमच्या गेटवर एक रजिस्टर होतं. मामा त्यात हाताने लिहायचे, वेळ मशीनची बघून. त्या रात्रीचं पान मी हिशेब झाल्यानंतर उघडलं. वरच्या ओळीत टेंपो बाहेर, गेटपासचा नंबर, वेळ २२:३८. खालच्या ओळीत तो पोरगा, पिशवी तपासली, वेळ २२:४१. आधी टेंपो, मग पोरगा. आणि ज्या पासवर टेंपो गेला तो पास स्टोअरमध्ये छापला गेला होता २२:४९ ला! म्हणजे पास छापायच्या अकरा मिनिटं आधी गेटवर पोचला होता. हे बघायला सेकंदांचे हिशेब नकोत, लॅमपोर्ट नको, एनटीपी नको. चौथीतलं पोरही म्हणालं असतं की दोनातलं एक घड्याळ चुकलंय. रजिस्टर पहिल्या दिवसापासून तिथेच होतं. कुणी मागितलं नाही. मीही नाही. हाताने लिहिलेलं होतं ना.

मी पर्सोनेलला रीतसर पत्र दिलं, आकड्यांसकट. मेमो रद्द झाला. पण तोपर्यंत कंत्राटदाराने त्याच्या जागी दुसरा माणूस घातला होता, आणि कंत्राटदाराच्या कारभारात आम्ही लक्ष घालत नाही असं सांगण्यात आलं. खरं सांगायचं तर खोकी कुठे गेली ते शेवटपर्यंत कळलं नाही. माझ्या आकड्यांनी तो चोर नव्हता असं सिद्ध होत नव्हतं. तो खोटं बोलत नव्हता एवढंच होत होतं. पण त्याला काढलं होतं ते खोटं बोलला म्हणूनच.

त्याचं घर मला माहीत होतं. बसच्या रस्त्यावरच होतं. रोज बसमधून दिसायचं. आज उतरू, उद्या उतरू म्हणत राहिलो आणि मग सहा महिन्यांनी मीच नोकरी बदलली.

त्यानंतर जिथे जिथे काम केलं तिथे दोन माणसांचा वाद नोंदींवर आला की मी पहिल्यांदा घड्याळं मोजतो. वेळ किती पुढे-मागे आहे, कधीपासून, दिवसाला किती सरकते, कुणाकडून घेते. आणि त्याच्याही आधी, त्या मशीनशेजारी जो माणूस दिवसभर बसतो त्याला विचारतो, "हे घड्याळ बरोबर आहे का हो?" त्याला बहुतेक वेळा माहीत असतं.